उन्हाळ्याचा बंगला पावसात मोडतो

बेळगावच्या सीमाभागात डोंगरावरच्या पडक्या बंगल्याचा विषय निघाला की गोष्ट दोनच वळणं घेते. एक, शेटजींचं कुणीतरी तिथे गेलं आणि त्यांनी पुन्हा वर पाऊल ठेवलं नाही. दुसरं, अमावास्येला वर दिवा दिसतो. नावंही ठरलेली: पारशाचा बंगला, शेटजीचा बंगला, साहेबाचा बंगला. शेटजी कोण, कुठली गिरणी, कुठलं साल, असं विचारलं की "आमच्या आजोबास्नी ठाऊक होतं" इथे विषय संपतो.

खरं कारण भुताइतकं रंगतदार नसतं, पण शोधून काढता येतं. असा बंगला बांधला जातो एप्रिल-मेच्या सात-आठ आठवड्यांसाठी आणि सांभाळावा लागतो जून ते सप्टेंबरच्या पावसातून. त्या चार महिन्यांचा खर्च कुणाच्या वहीत घालायचा, याला ज्या वर्षी उत्तर उरत नाही, त्या वर्षापासून बंगला मरायला लागतो. बांधला कधी, दुरुस्ती थांबली कधी आणि हक्क अडकला कुठे, हे छपरात, टाकीत आणि उताऱ्यात शिल्लक असतं. ते वाचायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय.

आधी थोडं मागचं. उन्हाळ्यात डोंगरावर जायची सवय साहेबाची. मुंबई सरकारचा कारभार महाबळेश्वरी हलायचा, सावंतवाडीचा पोलिटिकल एजंट आंबोलीला जायचा. मुंबईच्या शेटजींनी माथेरान, खंडाळा, महाबळेश्वर धरलं ते या पावलावर पाऊल टाकून. बेळगाव मुळातच अडीच हजार फुटांवर, त्यात लष्कराचा कॅम्प. १८८०च्या दशकात पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा लोहमार्ग झाला आणि मुंबईचं बिऱ्हाड रेल्वेने इथवर आणणं शक्य झालं. कारखानदारीही या मुलखाला परकी नव्हती. गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणी त्याच दशकात उभी राहिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावात निघालं ते १८८८ साली. पैसा होता, रेल्वे होती, गारवा होता. कमी होतं फक्त पाणी.

पाणी: सगळ्यात आधी टाकी शोधा

बंगल्याच्या आवारात शिरलात की आधी दिवाणखाना बघू नका. टाकी शोधा. मालकाने विचार करून घर बांधलं होतं की नुसत्या हौसेने, ते टाकीवरून कळतं.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, पाऊस कितीही पडला तरी वर थांबत नाही. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून खाली झिरपतं, तळाच्या चिकण थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून झरा नेहमी घराच्या खाली, वीस-तीस मीटर उतरून सापडतो. अडचण अशी की झरा ऑगस्टमध्ये धो-धो वाहतो आणि एप्रिलमध्ये करंगळीएवढा होतो. मालक येणार एप्रिलमध्येच.

हिशेब करून बघू. घरची माणसं, पाहुणे आणि नोकरचाकर धरून वीस जण, माणशी दिवसाला १०० लिटर, साठ दिवस. झाले १,२०,००० लिटर. म्हणजे ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी. एवढं पाणी छपरावरून मिळेल का? सहज. ३०० चौरस मीटर छप्पर धरा आणि पडलेल्या पाण्यातलं ८० टक्के टाकीत येतं असं माना, तर ५०० मिलिमीटर पाऊस पुरतो. घाटमाथ्यावर एवढा पाऊस जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत होऊन जातो. आंबोलीला तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्याच्या मानाने बेळगाव शहराचे तेराशे म्हणजे शिंतोडेच.

तेव्हा टाकी भरणं सोपं, एप्रिलपर्यंत राखणं अवघड. उघड्या टाकीतून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. ऑक्टोबर ते मे म्हणजे २४० दिवसांत साधारण एक मीटर. तीन मीटरच्या टाकीतला तिसरा हिस्सा कोणी घोटभर न पिता संपला. म्हणून शहाण्या मालकाच्या टाकीवर कमान किंवा फरशांचं झाकण दिसेल, आत चुना-सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) घोटलेला गिलावा दिसेल आणि कोपरे गोलाई देऊन बुजवलेले असतील, कारण काटकोनातला गिलावा आधी तडकतो. टाकी उघडी असेल आणि वर सिमेंटचे थरावर थर असतील, तर समजावं की गळतीशी भांडण्यात या घराची बरीच वर्षं गेली.

खाली बारमाही ओढा असेल तर त्याच्या काठी दगडी चौथऱ्यावर लोखंडी घंटेसारखं एक भांडं किंवा त्याचे बोल्ट बघायला मिळू शकतात. तो हायड्रॉलिक रॅम. इंजिन नाही, वीज नाही, तरी पाणी वर चढवणारं यंत्र. ओढ्याचं पाणी जाड नळातून उताराने येतं आणि एका झडपेतून बाहेर वाहत राहतं. वेग वाढला की ती झडप खाडकन मिटते. अडलेल्या पाण्याचा धक्का दुसरी झडप उघडतो आणि थोडं पाणी हवेच्या भांड्यात ढकलतो. तिथली दाबलेली हवा ते वर पाठवते. धक्का ओसरला की पहिली झडप आपोआप पडते आणि पुन्हा तेच, मिनिटाला चाळीस-साठ वेळा. टक टक असा आवाज दिवसरात्र चालू. (रात्री ओढ्याकडून कोणी हातोडा मारतंय, ही गोष्ट कुठून आली असेल ते वेगळं सांगायला नको.)

किती पाणी चढतं? मिनिटाला ६० लिटर पाणी ३ मीटर उतारावरून येत असेल, ३० मीटर वर न्यायचं असेल आणि यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ६० × ३ × ०.६ ÷ ३० = ३.६ लिटर मिनिटाला. ऐकायला अगदीच थोडं, पण चोवीस तासांत ५,००० लिटरच्या वर जातं. बाकीचं पाणी ओढ्यालाच परत.

याला लागतो फक्त एक माणूस, जो रोज जाळीवरचा पाचोळा काढेल. तो गेला की आठवड्यात जाळी बुजते. हवेच्या भांड्यात जाणाऱ्या झडपेच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यातून प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत जाते. ते भोक बुजलं की भांड्यातली हवा पाण्यात विरून संपते, भांडं पाण्याने भरतं आणि धक्का झेलायला काही उरत नाही. मग बिडाचा नळ तडकतो. रॅमचा नळ उभा तडकलेला दिसला, तर तो चोरांनी फोडला असं लगेच म्हणू नका. माणूस काढून टाकल्यानंतरही यंत्र काही दिवस चालू होतं, याची ती खूण असू शकते.

छप्पर: पन्हळीपासून सुरुवात

मंगळुरी कौलाचं छप्पर वाईट नसतं. नीट राखलं तर शंभर वर्षं टिकतं. फक्त त्याला दर मे महिन्यात माणसाचा हात लागतो, त्यालाच शाकारणी म्हणायचं. ३०० चौरस मीटर पाखाला, म्हणजे छपराच्या उताराला, चौरस मीटरमागे पंधराच्या हिशेबाने साडेचार हजार कौलं. वानरांच्या उड्या, वाऱ्याने पडलेल्या फांद्या आणि शेवाळ मिळून वर्षाला शंभरात पाच गेली, तर सव्वादोनशे कौलं दरसाल वर चढवावी लागतात. एका कौलाचं वजन अडीच-तीन किलो. म्हणजे सहाशे किलोचा माल घाटातून वर न्यायचा, तोही रोहिणीचा पाऊस लागायच्या आत.

एक वर्ष चुकलं तर काय होतं, ते क्रमाने बघा. फुटक्या कौलाखाली पाणी थेट रिपेवर पडतं. रीप म्हणजे कौलाचा दात ज्यावर अडकतो ती आडवी पट्टी, साधारण साडेबारा इंचांवर एक. दोन-तीन पावसांत ती कुजते. ती मोडली की एक कौल पडून भागत नाही, वरची ओळच्या ओळ घसरते. आता पाणी वाशावर. वासा मधे कुजत नाही, भिंतीत टेकलेल्या टोकाशी कुजतो, कारण तिथे वारा लागत नाही. टोक गेलं की कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, एका अंगाला बसते आणि भिंतीला बाहेर रेटते. आणि भिंतीचा माथा एकदा उघडा पडला की जांभ्याच्या चिऱ्यांमधला चुना किंवा माती पावसागणिक धुऊन निघते. चिरा शाबूत राहतो, सांधा रिकामा होतो. पुढे एखाद्या शांत दिवशीसुद्धा भिंत कोसळते आणि गावात म्हणतात, बघा, वारा नव्हता तरी पडली.

हे सगळं सुरू होतं ते बहुतेक वेळा एकाच जागी: दोन पाखं आतल्या कोनात मिळतात त्या पन्हळीत. तिथे खाली जस्ताचा किंवा शिशाचा पत्रा असतो. पाचोळा साचला की पाणी पत्र्याच्या कडेवरून आत चढतं. घराला जितके कोन, जितक्या गच्च्या आणि बुरुजासारखे कोपरे, तितक्या पन्हळी. हौशी मालकाचा नक्षीदार बंगला शेजारच्या साध्या चौकोनी आउटहाउसच्या आधी का पडतो, त्याचं उत्तर हेच. बऱ्याच ठिकाणी नोकरांच्या खोल्या अजून उभ्या असतात आणि दिवाणखान्यात उंबर वाढलेला असतो.

दुसरी चूक दिशेची. पाऊस पश्चिमेकडून, आडवा येतो. जुने जाणते मिस्त्री घर कड्यापासून थोडं मागे, उगवतीच्या उतारावर घ्यायचे आणि पावसाकडे जाड, कमी खिडक्यांची भिंत करायचे. सूर्यास्त बघायला म्हणून पश्चिमेला काचेचा व्हरांडा काढला असेल, तर पडझड तिथून सुरू झालेली सापडेल. सूर्यास्त मे महिन्यापुरता, झड चार महिने.

कौल उलटं करून वाचा, पण जपून

पडलेलं कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव आणि गाव उठावात असतं. इथेच बहुतेक जण फसतात. कौलावर "बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५" असं दिसतं आणि लोक बंगला १८६५चा ठरवून मोकळे होतात. ते साल मंगळुरात कारखाना निघाल्याचं, कौल भाजल्याचं नाही. आल्बुकर्क यांच्या कौलावरचं १८६८ही तसंच. कौलावर "कॉमनवेल्थ" दिसलं तर जास्त हाती लागतं: पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि त्यानंतर ते या नव्या नावाने चालले. म्हणजे ते कौल महायुद्धानंतरचं. पण एका कौलावर विसंबू नका. शाकारणी दरवर्षी व्हायची, छपरात तीन-चार पिढ्यांची कौलं मिसळलेली असतात. खानापूरची माती कौलांना चांगली, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीत जवळपासचा माल आलेला दिसतो. आढ्याजवळची आणि सहसा हात न लागणाऱ्या पाखाची कौलं जुनी धरावीत, वळचणीची नवी.

लोखंडी तुळयांवरही नाव असतं. "डॉर्मन लाँग" म्हणजे इंग्लंडचा माल. "टाटा" असेल तर ती तुळई १९१२च्या आधीची असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं त्या साली. गुळगुळीत रंगीत सिमेंटची नक्षीची लादी भारतीय बनावटीची असेल, तर बहुधा १९२२ नंतरची. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज कंपनी त्या वर्षी निघाली. भिंती चुन्यात आणि मोरीचे कठडे तेवढे सिमेंटमध्ये असतील, तर कठडे मागाहून आले. न्हाणीघरातल्या भांड्यांवर "ट्वायफर्ड" किंवा "शँक्स" म्हणजे विलायती, "हिंदुस्थान सॅनिटरीवेअर" म्हणजे १९६० नंतर. जनरेटरच्या खोलीत किर्लोस्कर ऑइल इंजिनची पाटी असेल, तर वीज निदान १९४६ नंतरची.

नियम साधा आहे. मूळ, हात न लागलेल्या भागात जी सगळ्यात नवी वस्तू पक्की बसवलेली असेल, तिच्या आधी तो भाग बांधलेला नाही. आणि अख्ख्या घरात दुरुस्तीची सगळ्यात नवी खूण जी असेल, तिच्या सुमारास घर सोडलं. कपाटाच्या खणात पसरलेला वर्तमानपत्राचा कागद, वीजमीटरवरचं सील, खिळ्याला राहिलेलं कॅलेंडर यांतून दुसरं साल मिळतं. फटीत सापडलेल्या नाण्यावर "नये पैसे" असेल तर ते १९५७ ते १९६४ मधलं. फोटो काढा आणि वस्तू होती तिथे ठेवा. घरी नेलेलं कौल कुठल्या पाखाचं होतं ते कोणी सांगू शकत नाही आणि मग त्याचा उपयोग कुंडीखाली ठेवण्यापुरताच.

१९७० ते १९८०: खर्च उचलणारं कोणी उरलं नाही

असे बरेच बंगले मालकाच्या खिशातून चालत नव्हते, कंपनीच्या वहीतून चालत होते. राखणदाराचा पगार, शाकारणी, गाडीचं पेट्रोल हे सगळं "गेस्ट हाउस" या नावाखाली. त्यामागे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत होती: एक घराणं तीन-चार कंपन्या चालवायचं आणि त्याबद्दल कमिशन घ्यायचं. ही पद्धत कायद्याने बंद झाली ३ एप्रिल १९७० रोजी. त्याच वर्षी आयकरातही बदल झाला: २८ फेब्रुवारी १९७० नंतर गेस्ट हाउसच्या देखभालीचा खर्च कंपनीला नफ्यातून वजा करता येईना. एका वर्षात बंगल्याच्या खर्चाचे दोन्ही आधार गेले.

त्याआधी १९५३ सालापासून मृत्युकर होता. मोठ्या इस्टेटीवर त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला आणि कर रद्द झाला थेट १९८५ साली. साहजिकच शहाण्या घराण्यांनी बंगले ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर केले. कर वाचला, पण "हा माझा" म्हणणारा माणूस संपला. ट्रस्टच्या बैठकीत डोंगरावरच्या कौलांचा विषय कितव्या क्रमांकावर येत असेल, याचा अंदाज करता येतो.

मग जमीन. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळवहिवाट संपली. बंगल्याखालची भातखाचरं, आमराई जे कसत होते त्यांनी सात नंबरचा फॉर्म भरून भू-न्यायमंडळापुढे हक्क मागितला आणि ज्यांचं कुळ सिद्ध झालं त्यांना जमीन मिळाली. ते योग्यच झालं. पण बंगल्याचा वरकड खर्च भागवणारं भात, आंबे आणि राबते हातही त्याबरोबर गेले. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला आणि आवार वनजमिनीत असेल, तर वाट रुंद करायलाही दिल्लीची मंजुरी लागू लागली. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झालं ते बरंच नंतर, २०११ साली, तोवर बहुतेक छपरं बसलेली होती. आणि ज्यांची कमाई मुंबईच्या कापडगिरण्यांवर होती, त्यांना १९८२च्या संपानंतर डोंगराची आठवण यायचं कारणच उरलं नाही.

उतारा: नववा, दहावा, अकरावा रकाना

कागदाची सुरुवात सर्व्हे नंबरापासून. गावातलं नाव कामाला येत नाही. खालच्या शेतकऱ्याचा सर्व्हे नंबर मिळवा आणि गावनकाशावर शेजारचा वाचा. मग त्या नंबरचा आरटीसी, म्हणजे पहाणी, आपल्याकडे अजून उताराच म्हणतात, तो काढा.

उतारा कन्नडमध्ये येतो. चार शब्द ओळखता आले तरी काम भागतं: सर्कार, अरण्य, खराबु आणि पौती. नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं, दहाव्यात ते कशाने आलं आणि कुठल्या फेरफाराने, अकराव्यात इतर हक्क आणि बोजे, बाराव्यात कसणारा आणि पीक. बंगल्याखालची जागा बरेचदा खराब्यात टाकलेली असते. त्यातही दोन प्रकार: 'अ' म्हणजे खातेदाराची पण पिकाला निरुपयोगी, 'ब' म्हणजे रस्ता, ओढा असली सार्वजनिक. बंगला 'अ'मध्ये आणि त्याची वाट 'ब'मध्ये, असंही असतं. घर खाजगी असलं तरी वाट अडवता येत नाही, यावरून होणारी भांडणं इथूनच येतात.

नवव्या रकान्यात साठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव अजून असेल, तर पौती, म्हणजे वारसनोंद, झालेलीच नाही. वारस मुंबईत, लंडनमध्ये, कुणी हयात नाही. अशा जागेला कोणी कर्ज देत नाही, विकत घेत नाही, दुरुस्तीची परवानगी मागायलाही सही कुणाची हा प्रश्न. नाव शोधताना एक अडचण हटकून येते: गुजराती किंवा पारशी आडनाव आधी मराठीत लिहिलं गेलं, मग कन्नडमध्ये, आणि २००० सालच्या आसपास 'भूमी' योजनेत संगणकावर चढताना आणखी एकदा. चार वेगवेगळी स्पेलिंग घेऊन शोधा. हाती लिहिलेल्या जुन्या उताऱ्याची नक्कल मागा, चूक तिथे उघडी पडते.

१९५६च्या मागे जायचं तर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता हे लक्षात ठेवा. जुनी हक्कनोंद मराठीत, त्याही मागची मोडीत. आणि गाव आज जिथे आहे तिथेच तेव्हा होतं असं नाही. चंदगड १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आज कोल्हापुरात आहे. तिथल्या डोंगराचे जुने संदर्भ बेळगावच्या नावाखाली सापडतात. उलट आजच्या बेळगाव शहरातलं शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानचं. गाव संस्थानी होतं की खालसा, म्हणजे थेट इंग्रज सरकारचं, हे आधी न बघता कचेरीत गेलात तर दोन-तीन खेपा फुकट गेल्याच म्हणून समजा. मुंबई सरकारने डोंगरावरची जागा भाडेपट्ट्याने दिली असेल, तर त्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याच्या खंडांत शोधावा लागतो.

पट्ट्याचं बघाच. बंगला शेटजींचा होता याचा अर्थ जमीन त्यांची होती असा होत नाही. १९०५ सालचा ९९ वर्षांचा पट्टा २००४ साली संपतो. तो वाढवून घ्यायला कोणी गेलं नसेल, तर घर पडायच्या आधीच हक्क संपलेला असतो. वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, तेव्हा सब-रजिस्ट्रारकडे ईसी, म्हणजे जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढली की त्याचा माग लागतो. अलीकडचे व्यवहार संगणकावर मिळतात, जुन्यांसाठी हाताने शोध घ्यायचा अर्ज द्यावा लागतो.

राखणदाराचं कुटुंब तिथेच तीन पिढ्या राहत असेल, तर "बारा वर्षं झाली, आता घर त्यांचं" असं सहज म्हटलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. नोकर म्हणून मिळालेला ताबा हा मालकाचाच ताबा धरला जातो, कितीही वर्षं गेली तरी. आणि जागा सरकारी असेल, तर बाराच्या जागी तीस वर्षांचा प्रश्न येतो. तरीही इतिहासासाठी पहिलं बोलणं याच कुटुंबाशी करावं. सालं चुकतील, पण शाकारणीला किती गडी लागायचे, पाणी कुठून यायचं आणि शेवटचा पगार कोणी आणून दिला, हे त्यांच्या घरात पक्कं ठाऊक असतं.

वर जाताना

आधी परवानगी: खाजगी असेल तर ज्याचा ताबा त्याची, वनहद्दीत असेल तर वनखात्याची. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, मग बंगला कुणाचाही असो. दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीचे बरे. गवत वाळलेलं असतं, भिंतीचा पाया दिसतो आणि जुनी गाडीवाट एकसारख्या चढाने वळणं घेत गेलेली ओळखू येते. पायवाट सरळ चढते, बैलगाडीची वाट वीस पावलांत एक पाऊल चढते. दोन्हींतला फरक लांबूनही कळतो. सिल्व्हर ओक, निलगिरी किंवा चाफा सरळ रांगेत दिसला की ती आवाराची कड.

याच दिवसांत गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचाही हंगाम सुरू होतो. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात तो आढळलेला आहे. पूर्ण बाह्या घाला, पायमोज्यात पँट खोचा, परतल्यावर अंगावर गोचीड बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवा. माडीवर चढू नका. फळ्या वरून धड दिसतात, पण तुळई भिंतीत कुजलेली असते. पिंपळाची फांदी भिंतीतून आलेली असेल तर ओढू नका, मुळाने चिरे बांधून धरलेले असतात आणि ओढणारा खालीच उभा असतो. दुरुस्ती करणाऱ्यांनीही पिंपळ उपटायचा नसतो. बुंधा कापून मूळ जागेवर मारतात आणि मगच तेवढा भाग उसवून चुन्यात पुन्हा बांधतात. सिमेंटचा गिलावा तर नकोच. जांभ्यातली ओल त्याच्या आड अडकते आणि दोन पावसांत गिलावा पोपड्यांनी सुटतो, येताना चिऱ्याचा पापुद्राही घेऊन येतो.

सगळ्यात घातक जागा मात्र भिंत किंवा माडी नाही. ती टाकी. झाकणाच्या फरशा चोरीला गेलेल्या असतात, तोंडावर घाणेरीचं जाळं आणि वाळलं गवत पसरलेलं असतं, आणि खाली तीन मीटर. ती सहसा घराच्या मागच्या अंगाला, चढाच्या बाजूला, स्वैपाकघरापासून पंधरा-वीस पावलांवर असते, म्हणजे नेमकी जिथून मागच्या भिंतीचा फोटो चांगला येतो तिथे. हातात काठी असू द्या आणि गवतात पाय टाकण्याआधी ती टाका.